दोन टोकांचा फोन

सुट्टी मंजूर झाली की आमच्या युनिटमधली पोरं तिकिटाच्या खालोखाल एकच विषय काढतात. "साहेब, सिम कुठलं घेऊ? घरी वायफाय बसवायचंय, कुठलं चांगलं?" मी उलट विचारतो, "तुझ्या गावात टॉवर कुणाचा आहे? आणि घराची भिंत कशाची आहे?" पोरांना वाटतं साहेब टाळतायत. पण खरं उत्तर त्या दोन प्रश्नांतच आहे. जाहिरातीत कंपनी सगळ्या देशात पहिली असते. आपल्याला मात्र दोनच ठिकाणांशी देणंघेणं असतं. एक जिथे आपण उभे आहोत ते, आणि दुसरं जिथे घरचे बसलेत ते.

आमच्या पिढीने फोनची सगळी स्थित्यंतरं पाहिली. भरती झालो तेव्हा एसटीडी बूथसमोर रात्री उशिराची रांग असायची, कारण तेव्हा दर कमी व्हायचा. डोळे मीटरवर आणि कान रिसिव्हरला. पुढे उंचावरच्या पोस्टवर सॅटेलाइट फोन आला. २०१७ च्या दिवाळीत सरकारने जवानांसाठी त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आणला, तेव्हा लंगरमध्ये मिठाईपेक्षा त्याचीच चर्चा जास्त होती. २०२३ मध्ये बीएसएनएलने सियाचिनमध्ये टॉवर उभा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये जिओचं फोर-जी, फाइव्ह-जी तिथे पोहोचलं. म्हणजे आपल्या बाजूचं टोक सुधारत गेलं. गंमत अशी की आता फोन तुटतो तो बहुतेक वेळा घरच्या बाजूने.

माझ्या बाबतीत हा निव्वळ सोयीचा प्रश्न नव्हता. वडील, म्हणजे आमचे नाना, तोपखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तोफांनी कान घेतले. कानातलं यंत्र लावलं की समोर बसलेल्या माणसाचं बोलणं कळतं, साध्या फोनवरचं कळत नाही. नुसता आवाज गेला की ते "हं, हं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. पण माझा चेहरा दिसला, ओठ हलताना दिसले, की निम्मं ऐकू येतं आणि निम्मं वाचता येतं. त्यामुळे आमच्या घरात व्हिडिओ कॉल अडखळला की नानांशी बोलणंच होत नाही. आईच्या मागे खुर्चीत बसलेले नाना फक्त हात हलवून "ठीक आहे" म्हणायचे. तेवढ्यावर दोन-दोन महिने काढलेत.

आता सिमचं. लखनपूर ओलांडून जम्मूत शिरलं की बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम बंद पडतं. पोस्टपेड मात्र चालतं. लडाख वेगळा झाला तरी टेलिकॉमच्या हिशोबात तो अजून जम्मू-काश्मीर सर्कलमध्येच आहे, त्यामुळे लेहलाही तोच नियम. म्हणून उत्तरेची पोस्टिंग आली की एक नंबर पोस्टपेड हवाच. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवायचं. एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे एकाच खुंटीला दोन बैल. खुंटी उपटली की दोन्ही गेले.

कंपन्यांची तुलना मी अशी करतो. मैदानी भागात, शहरात, कॅन्टोन्मेंटमध्ये जिओ आणि एअरटेलमध्ये फरक शोधायला भिंग लागतं. तिथे जो प्लॅन स्वस्त तो घ्यावा. डोंगरात आणि सरहद्दीकडे मात्र 'चांगली कंपनी' असं काही नसतं. एका खोऱ्यात एक चालते, घाट ओलांडला की दुसरी. ज्या युनिटकडून चार्ज घ्यायचा, त्यांच्या जवानाला विचारावं. तो जे सांगेल ते कुठल्याही नकाशापेक्षा खरं. आता ट्रायच्या नियमामुळे कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तो पाहावा, पण तो घराबाहेरचा सिग्नल दाखवतो, घराच्या आतला नाही. आणि जिथे फोन बाळगायलाच परवानगी नाही, तिथे ही चर्चाच नको.

गावाकडची परीक्षा सुट्टीत स्वतः घ्यावी. तिन्ही-चारही कंपन्यांचे फोन भावकीत सापडतात. ते घेऊन स्वयंपाकघरात, माजघरात आणि आई जिथे झोपते त्या खोलीत उभं राहायचं. सकाळी एकदा आणि रात्री साडेआठला एकदा. रात्री सगळं गाव मोबाईलवर असतं, तेव्हा खरा वेग कळतो. डाउनलोडबरोबर अपलोडही बघायचा, कारण नानांचा चेहरा माझ्यापर्यंत अपलोडनेच येतो. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ झाले, पण ते सलग मिळायला हवेत.

कंपनी बदलायची असेल तर नंबर बदलू नका, पोर्ट करा. विशेषतः निवृत्त मंडळींना हात जोडून सांगतो. 'स्पर्श'वरची पेन्शन, बँक, आधार, सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नंबर गेला की दाखल्यासाठी हेलपाटे. पोर्टिंगचा संदेश १९०० वर जातो, मिळालेला कोड चार दिवस चालतो आणि त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस लागतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत हीच मुदत पंधरा दिवसांची आहे. सिम हरवून नवं घेतलं असेल, तर जुलै २०२४ पासून पुढचे सात दिवस पोर्ट करता येत नाही. म्हणून हे काम सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच उरकावं. आणखी एक हिशोब: २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात तेरा वेळा करावा लागतो, बारा वेळा नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसांना इंटरनेट लागत नसेल तर फक्त बोलणं आणि एसएमएसचे लांब मुदतीचे प्लॅन आता मिळतात, तेच घ्या.

आता घरचं टोक. आमचं घर सातारा जिल्ह्यात, जुनं, दीड-दोन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती. अंगणात सिग्नलच्या चार काड्या, माजघरात एक. गावात फायबर आल्यावर मी जोडणी घेतली. कंपनीच्या माणसाने डबा दाराशेजारी, वायर संपली तिथे ठोकला आणि म्हणाला, "पूर्ण घरात चालतंय साहेब." ओट्यावर चालत होतं. नाना बसतात त्या खोलीत नाही.

दुकानात गेलो तर दुकानदाराने सहा अँटेनांचा गेमिंग राउटर पुढे केला, नऊ हजारांचा. अँटेना कितीही असल्या तरी दगड तो दगडच. राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झचा वेग कमी, पण तो भिंतीतून थोडाफार जातो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमतो. विटेच्या किंवा फ्लॅटच्या घरात एक चांगला राउटर मधोमध ठेवला की भागतं. घर मोठं आणि वायर टाकणं शक्य नसेल तर मेश घ्यावं, पण मेशचे डबेही एकमेकांशी हवेतूनच बोलतात. आमच्यासारख्या घरात भिंत एकदाच भोकायची आणि वायर न्यायची, हाच इलाज.

मी तेच केलं. कंपनीचा डबा होता तिथेच ठेवला. त्यातून कॅट-सिक्स वायर माळ्यावरून नानांच्या खोलीत नेली आणि तिथे दोन हजारांच्या आतला साधा ड्युअल-बँड राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला. घेताना एकच गोष्ट खोक्यावर वाचली: पोर्ट गिगाबिट आहेत की शंभर एमबीपीएसचे. कमी किमतीत दोन्ही मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. दोन्ही डब्यांना बारा व्होल्टचे छोटे यूपीएस लावले, कारण वीज जायची वेळ आणि माझी फोनची वेळ पुष्कळदा एकच असते. राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला. फौजीच्या घरचं जाळं उघडं नसावं.

सर्वात मोठा फायदा फुकटात झाला. आईच्या आणि बायकोच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं. आता माजघरात मोबाईलची एकच काडी असली तरी साधा फोनही लागतो, कारण तो टॉवरऐवजी घरच्या फायबरवरून जातो. ही सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते, पण पुष्कळांनी ती कधी उघडलेलीच नसते.

हे सगळं मी सुट्टीत मांडलं, पण चालवते ती घरची बाई. मी परतल्यावर फायबर दोनदा तुटलं. बायकोने तक्रार क्रमांक घेऊन पाठपुरावा केला आणि मला नंतर सांगितलं, "अहो, लाल दिवा लागला तर त्यांची लाइन, हिरवा असून चालत नसेल तर आपला डबा. मी लिहून भिंतीला चिकटवलंय." तुमच्याही घरी तो कागद चिकटवून या. आपण शेकडो मैल लांब असतो, पासवर्ड फक्त आपल्याच डोक्यात असून उपयोग नाही.

मागच्या रविवारी नाना चाळीस मिनिटं बोलले. बरंचसं त्यांच्या रेजिमेंटबद्दल, थोडं उसाच्या बिलाबद्दल. मधेच म्हणाले, "दाढी नीट केली नाहीस आज." एवढं स्पष्ट दिसत होतं.

जय हिंद.