पद्मिनीची पाठ, बाबांची पाठ!

विकेंडला कुठे, असं कुणी विचारलं की लोणावळा, अलिबाग नाहीतर मॉल, ही आपली ठरलेली उत्तरं. माझं उत्तर मात्र सलग तीन रविवार एकच होतं... कुर्ला, सीएसटी रोड! हसू नका. कलिनाकडून कुर्ल्याकडे निघालात की रस्त्याच्या कडेला गाड्यांचे दरवाजे, बंपर, हेडलाइट लटकलेले दिसतात. ऑइलचा वास, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि दर दहा पावलांवर ‘क्या चाहिए साहब?’

मला हव्या होत्या स्प्रिंगा.

आमच्याकडे १९८५ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांची. मागच्या वर्षी मी तिचा मेकओव्हर करायला काढला. फोटो बघून बघून डोकं फिरलेलं, गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसली पाहिजे, बस्स! एका चकाचक गॅरेजवाल्याने पुढच्या कॉइल स्प्रिंगचे वेढे कापले आणि कडक गॅस शॉक अब्झॉर्बर बसवले. दिसायला झक्कास! मग मणक्याच्या ऑपरेशननंतर बाबा पहिल्यांदाच गाडीत बसले. सोसायटीच्या गेटबाहेरचा स्पीडब्रेकर आला, खालून धाडकन आवाज झाला आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या सिग्नलला म्हणाले, ‘‘मी रिक्षाने येतो रे.’’ चाळीस वर्षं जिच्यावर पोराइतकी माया केली, त्या गाडीतून माणूस उतरून गेला. माझ्यामुळे.

गल्लीतल्या चाचांनी काही न विचारता पुढचं मडगार्ड दोन्ही हातांनी दाबून सोडलं. गाडी हललीच नाही. ‘‘ये गाडी है के पत्थर?’’ कापलेल्या स्प्रिंगचं गणित त्यांनी चहाच्या ग्लासाशेजारी तुकडा ठेवून समजावलं. वेढे कमी झाले की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते. वर गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर जायला जागा उरत नाही, ते थेट रबरी स्टॉपरवर आदळतं. धक्का झेलायचं काम स्प्रिंगचं, शॉक अब्झॉर्बरने फक्त तिची उसळी आवरायची. माझे महागडे शॉक गाडीला उसळूच देत नव्हते.

मूळ मापाची जोडी शोधण्यातच एक रविवार गेला. ही गाडी जन्मली कुर्ल्यातच, एलबीएस मार्गाजवळच्या प्रीमियरच्या कारखान्यात. आज तिथे टॉवर आहेत. आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी रजिस्टर झाली ऑक्टोबर २००३मध्ये. वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी होत्या तोवर हे पार्ट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळायचे. आता चाचा पाच दुकानांत निरोप धाडतात, मग आलेल्या स्प्रिंगा लादीवर शेजारी शेजारी उभ्या करून उंची आणि तारेची जाडी ताडतात. जोडी जुळली नाही तर परत!

खरी गंमत मागे निघाली. मागच्या बाजूला कॉइल नाही, पाटे असतात. ते सोडवल्यावर एक पाटा जादा निघाला. घरी विचारलं, तर बाबा ओशाळून हसले. गावाहून तांदळाची पोती आणायची म्हणून त्यांनीच तो कधीतरी घालून घेतला होता! म्हणजे मागचे धक्के काही सगळेच माझे नव्हते. (हे मी आईला दोनदा ऐकवलं.)

जादा पाटा काढला, उरलेल्यांची कमान दोन्ही बाजूंना सारखी केली, रबरी बुश नवे घातले. इथे चाचांनी पोऱ्याला जोरात झापलं. तो गाडी जॅकवर असतानाच बुशचे बोल्ट आवळत होता. गाडी चारी चाकांवर उभी राहून वजन आल्यावरच ते शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. मग साधे ऑइलचे शॉक, किंगपिनला ग्रीस, आणि उंची बदलली म्हणून अलाइनमेंट. हवा मात्र आम्ही दोनदा कमी-जास्त करून पाहिली. टायर टणक फुगवला तर एवढी सगळी मेहनत पाण्यात, राव!

गाडी आता उंच दिसते. खरं सांगू? जरा काकूबाईच दिसते.

चौथ्या रविवारी बाबांना मागे बसवलं आणि जुन्या रस्त्याने पनवेल, खोपोली. खड्डे चुकवत नव्हतो, मुद्दाम घेत होतो. आरशात बघत होतो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाशी थांबलो, त्यांनी खिशातून नाणं काढून ठेवलं, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या चाकाशी वाकले. सहज वाकले!

‘‘डावीकडून कुर्र कुर्र येतंय,’’ म्हणाले. ‘‘शॅकलचा बोल्ट बघायला सांग तुझ्या चाचांना. नाहीतर असं कर, पुढच्या रविवारी मीच येतो कुर्ल्याला.’’