एका अर्जाला दोन बटणं

आमच्या जमातीची शिष्यवृत्ती जकातीच्या पैशातून दिली जाते. हा पैसा अमानत, म्हणून अर्ज नीट तपासल्याशिवाय रक्कम मंजूर होत नाही. यंदा हा अर्ज कागदावरून वेबवर आणायचं काम माझ्याकडे आलं. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँक खातं... एका बैठकीत तो क्वचितच भरून होतो. त्यामुळे खाली दोन बटणं लागतात: ‘जतन करा’ आणि ‘अर्ज पाठवा’.

दोन बटणं म्हटलं की बरेच जण लगेच जावास्क्रिप्टकडे वळतात. बटण दाबलं की स्क्रिप्ट एका लपलेल्या रकान्यात ‘जतन’ किंवा ‘पाठव’ असं लिहिते आणि मग अर्ज पुढे जातो. हे चालतं, पण स्क्रिप्ट मोबाइलवर पोहोचली तरच. आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीने दुसऱ्या एका ठिकाणच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जतनाचं बटण दाबलं आणि अर्धाच अर्ज कायमचा जमा झाला. मी ते पान उघडून पाहिलं. लपलेल्या रकान्यात आधीपासून ‘पाठव’ लिहिलेलं होतं. रेंज कमी असताना स्क्रिप्ट उतरली नाही, तर कुठलंही बटण दाबा, अर्ज जाणारच. गेलेला अर्ज दुरुस्त करायची सोय नव्हती. तिचं ते वर्ष शिष्यवृत्तीविना गेलं.

गंमत अशी की या कामाला स्क्रिप्ट लागतच नाही. फॉर्ममध्ये कितीही सबमिट बटणं असली तरी ब्राउझर फक्त दाबलेल्या बटणाचं ‘नेम’ आणि ‘व्हॅल्यू’ सर्व्हरला पाठवतो, बाकीच्या बटणांचं नाही. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. मी दोन्ही बटणांना ‘कृती’ हे एकच नेम दिलं. एकाची व्हॅल्यू ‘जतन’, दुसऱ्याची ‘पाठव’. माणसाची निय्यत काय होती, हे बटणच सर्व्हरला सांगतं.

यात एक बारकावा आहे. सबमिट बटण ‘इनपुट’ टॅगने केलं तर त्यावर दिसणारी अक्षरं हीच त्याची व्हॅल्यू असते. आमचा अर्ज मराठीत आहे आणि उर्दूतही. उर्दू पानावर बटणाची अक्षरं बदलली की व्हॅल्यूही बदलते, आणि ‘जतन करा’ शोधणारा सर्व्हर गोंधळतो. ‘बटन’ टॅगमध्ये दिसणारी अक्षरं वेगळी आणि व्हॅल्यू वेगळी ठेवता येते. म्हणून मी तोच वापरला.

दुसरी गोष्ट एंटरची. नावाच्या रकान्यात असताना कुणी एंटर दाबलं, तर बोट कुठल्याच बटणावर पडलेलं नसतं. अशा वेळी ब्राउझर फॉर्मच्या कोडमधलं पहिलं सबमिट बटण दाबलं गेलं असं धरतो. तेव्हा ज्याने नुकसान होणार नाही ते बटण आधी लिहावं. आमच्या अर्जात ‘जतन करा’ पहिलं आहे.

तिसरी गोष्ट सक्तीच्या रकान्यांची. खाते क्रमांक सक्तीचा केला की तो भरेपर्यंत ब्राउझर अर्ध्या अर्जाला जतनही होऊ देत नाही. त्यासाठी एचटीएमएल ५ मध्ये ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’ आहे. हा शब्द फक्त जतनाच्या बटणावर लिहायचा. मग जतन करताना तपासणी होत नाही, पाठवताना होते. अर्थात सर्व्हरने आपली तपासणी स्वतः करायचीच. ब्राउझरच्या भरवशावर राहायचं नाही.

आणि ‘कृती’ आलीच नाही, किंवा भलतंच काही आलं तर? तर सर्व्हर अर्ज जतन करतो आणि मुलाला दाखवतो: ‘अर्ज अजून पाठवलेला नाही.’ जतन झालेला अर्ज पुढे पाठवता येतो. पाठवलेला परत आणायचा, तर कमिटीच्या दारात उभं राहावं लागतं.

तुमच्या मदरशाचा, जमातीचा किंवा शाळेचा असा अर्ज असेल, तर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून तो एकदा भरून बघा. दोन्ही बटणं दाबा, एंटरही दाबा. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढ्याने एखाद्या मुलाचं वर्ष वाचू शकतं.