गोचीड ताप एक नाही, दोन आहेत



आमच्या तिसऱ्या वेताच्या एचएफ संकरित गाईचा विमा दावा कंपनीनं नाकारलाय. पत्रात कारण एका ओळीचं: आजार विम्याच्या आधीपासून होता. पुरावा काय, तर आमच्याच गोठ्याच्या वहीची झेरॉक्स. त्यात मागच्या उन्हाळ्यात लिहिलेलं, "गोचीड ताप. इंजेक्शन दिले. बरी."

गावात लगेच सल्ले सुरू झाले, "वही दाखवायचीच कशाला?" मला ते पटत नाही. आजार लपवला असता तर माहिती दडवली म्हणून दावा गेला असता. आणि मागचं माहीत नसेल तर डॉक्टर तरी उपचार कसा करणार?

आता मुद्द्याचं. आपण सरसकट गोचीड ताप म्हणतो, पण त्यात किमान दोन वेगळे आजार येतात. थायलेरियोसिसमध्ये खांद्यापुढच्या गाठी सुजतात, भरपूर ताप येतो. त्यावर बुपारव्हाक्वोन चालतं. बबेसियोसिसमध्ये लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते. त्याला डिमिनाझिन देतात. जंतू वेगळा, औषध वेगळं. मागच्या वर्षी गाईला झाला तो पहिला. यंदा विमा काढल्यावर पाच महिन्यांनी ती गेली ती दुसऱ्यानं. रक्ताच्या काचेवर आणि शवविच्छेदनाच्या अहवालात तसं स्पष्ट आहे. कंपनीच्या माणसानं दोन्हीकडं "गोचीड" वाचलं आणि फाईल बंद केली.

थायलेरिया बरा झाला तरी थोडे जंतू रक्तात राहू शकतात, हे खरं. पण अंगात जुना जंतू असणं आणि विम्याच्या दिवशी जनावर आजारी असणं, यात फरक आहे. आमची गाय त्या आठवड्यात दिवसाला 17 लिटर देत होती. डेअरीच्या पावत्या आहेत. विम्याच्या वेळचा डॉक्टरांचा आरोग्य दाखलाही आहे.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. तिथं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जाता येतं, वकील लागतोच असं नाही, आणि आपल्या हप्त्याएवढ्या रकमेला तिथं फी नाही.

तुमच्यासाठी एवढंच:

• वहीत आजाराचं नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, औषधासकट.
• बरी झाल्याची तारीख आणि त्यानंतरचं दूधही लिहा. आजाराची नोंद असते, बरं झाल्याची कुणी ठेवत नाही. कंपनी नेमकं तिथंच बोट ठेवते.
• आरोग्य दाखल्यावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर बरोबर आहे का, ते तिथल्या तिथं बघा.
• डेअरीच्या पावत्या टाकू नका.

गाय परत येत नाही. पण ती आजारीच होती, असं कागदावर राहू द्यायचं नाही.