धार टिकावी, की परत यावी?

महागडा घडीचा चाकू घेतला की धारेची चिंता मिटली, असं मी बरीच वर्षं मानत आलो आणि कुणी विचारलं तर तसं सांगतही आलो. आता सांगत नाही. चाकू तोच आहे, रोज खिशात असतो, आणि त्याची धार लवकर जाते अशी माझी तक्रार मुळीच नाही. ती भरपूर टिकते. पण जास्त टिकणारी धार हीच चांगली धार, यावरचा माझा विश्वास उडाला, आणि तो उडाला द्राक्षाच्या कलमात.

आधी चाकूबद्दल. पातं एस-३०-व्ही नावाच्या अमेरिकी पोलादाचं. २००१ च्या सुमारास हे पोलाद खास चाकूंसाठी म्हणून निघालं. वितळलेल्या धातूची बारीक भुकटी करायची आणि ती प्रचंड दाबाखाली तापवून पुन्हा एकसंध करायची, अशी ते बनवण्याची रीत. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १४ टक्के आणि व्हॅनेडियम ४ टक्के. व्हॅनेडियम आणि कार्बन मिळून जे सूक्ष्म कण तयार होतात ते हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या धारेच्या दगडातल्या कणांपेक्षाही कठीण असतात. व्हिक्टोरिनॉक्सच्या लाल स्विस चाकूचं पातं रॉकवेल सी मापावर ५६ भरतं. माझं साठच्या घरात जातं. वाचायला हे रुक्ष आहे, पण हातात घेतलं की फरक कळतो. ठिबकच्या नळ्या, सुतळी, खताच्या गोण्या, शेडनेट आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुठ्ठ्याची खोकी! पुठ्ठा दिसतो मऊ, पण धारेचा वैरी. नारायणगावच्या पट्ट्यात जम्बो आणि शरद सीडलेसची तोडणी सुरू झाली की पॅकहाऊसमध्ये साध्या चाकूची पाती दुपारपर्यंत बसतात. हा चाकू मात्र दिवसामागून दिवस कापत राहिला. तेव्हा मी त्याची स्तुती केली ती खोटी नव्हती, आणि पॅकहाऊसपुरती आजही करतो.

धार किती टिकते हे मोजण्याची एक पद्धत आहे. इंग्लंडमधलं शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांचं जुनं गाव. तिथे कॅट्रा नावाची संस्था आहे. तिच्या यंत्रात पातं आणि कागदाची गड्डी एकमेकांवर ठरावीक भाराने पुढेमागे घासली जातात. कागदात मुद्दाम ५ टक्के सिलिका घातलेली असते, म्हणजे तो पातं झिजवतो. ६० फेऱ्यांत एकूण किती कागद कापला गेला, तो आकडा म्हणजे त्या पात्याचा टिकाऊपणा. आयएसओ ८४४२-५ हे मानक याच पद्धतीवर उभं आहे.

त्या यंत्रातला कागद आपल्याकडे शेतात उगवतो. डिंभे धरणाच्या वर, आंबेगावच्या पश्चिम अंगाला भातखाचरं आहेत. भाताच्या पातीत सिलिका भरपूर. कापणीत विळा लवकर बसतो, आणि बाया बांधावरचा गुळगुळीत दगड बघून, थोडं पाणी शिंपडून, पातं चार वेळा ओढतात की पुन्हा वाफ्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच कामासाठी दातेरी वैभव विळा काढला. दात्यांची टोकं झिजतात, पण मधल्या खाचा धारदार राहतात, आणि भाताचा चूड ओढून कापायचा असल्यामुळे विळा चालत राहतो. माझ्या महागड्या चाकूत जे घडतं ते याच जातीचं आहे, फक्त डोळ्याला दिसत नाही. भोवतालचं पोलाद झिजतं, ते कठीण कण मागे उरतात, आणि धार बारीक खडबडीत होते. सुतळी ओढून कापायला ती खडबडीत धार उत्तम! हातावरचा केस मात्र ती काढत नाही. तासून केस उडेल अशी धार या पोलादावरही फार वेळ राहत नाही. ती गेल्यानंतरची कामचलाऊ धार मात्र राहते आणि राहतच राहते. कॅट्राचा आकडा मुख्यतः या दुसऱ्या धारेचा आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

आता कलम. द्राक्षाला क्षार आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून डॉगरिजसारखा जंगली खुंट आधी जमिनीत लावतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यावर हव्या त्या वाणाची काडी पाचर कलमाने बसवतात. खुंट आडवा कापायचा, मधोमध चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सालीखालचा हिरवा पातळ थर दोन्हीकडचा एकमेकांना टेकला तर जोड धरतो. टेकण्यासाठी काप सपाट हवा. सुतळीसारखं इथे पुढेमागे ओढायचं नसतं. अंगठ्याच्या जोरावर पातं एका दमात काडीतून पुढे न्यायचं असतं, आणि खडबडीत धार तिथेच नडते.

एका हंगामात मी हौसेने टोळीबरोबर बसलो आणि माझाच चाकू वापरला. सुरुवातीच्या काड्या लोण्यासारख्या तासल्या गेल्या. नंतरही चाकू कापतच होता. मला काही वेगळं जाणवलं नाही. टोळीतल्या बुजुर्गांनी माझी एक काडी उचलली, पाचर उजेडाकडे धरली आणि म्हणाले, ‘‘शेठ, चाकू कापतोय, पण काडी बघा.’’ पाचरेच्या निमुळत्या टोकाकडे काप किंचित लाटेसारखा झाला होता. कडेची साल सुटून तिचे तंतू उभे राहिले होते. नखाने चाचपलं तर ओरखडा लागत होता. त्यांनी आपल्या चाकूने तासलेली काडी शेजारी धरली. ती काचेसारखी चमकत होती.

त्यांचा चाकू साध्या कार्बन पोलादाचा, एकाच बाजूने घासलेला. दुसरी बाजू पाटासारखी सपाट, म्हणजे काप आपोआप सरळ जातो. द्राक्षाच्या रसाने पातं काळं पडलेलं. थोड्या काड्या झाल्या की ते बारीक दगडावर दोनदा आणि मांडीवरच्या कातड्याच्या पट्ट्यावर चारदा फिरवत आणि पुन्हा सुरू करत. मी ते आधीही पाहिलं होतं आणि हलक्या पोलादाची ती मजबुरी आहे, असं समजलो होतो. त्या दिवशी दुसरी बाजू दिसली. त्यांचं पातं लवकर बसतं, म्हणून हाताला लगेच कळतं, म्हणून धार लगेच परत येते. त्यांच्या काड्यांतली जवळजवळ प्रत्येक काडी ताज्या धारेने तासलेली असते. माझं पातं इतकं हळूहळू उतरतं, की उतरल्याचं कळतच नाही. आणि कळलं तरी बांधावर बसून त्याला पुन्हा केस उडवणारी धार आणणं साध्या दगडाच्या आवाक्यातलं नाही. हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते, आणि वेळही लागतो.

ऊसतोडीकडे बघण्याची माझी नजरही मग बदलली. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या हंगामाला बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. ऊस बुडख्यालगत तोडायचा म्हणजे कोयता मातीत जाणार, खड्यावर आदळणार. तिथे माझ्या चाकूच्या पोलादाचा कोयता दिला तर पहिल्याच दगडाला धारेला खांडं पडतील. शिवाय साठच्या घरातल्या पात्यावर साधी कानस नुसती घसरत जाते. त्यांचा कोयता मऊ असतो, म्हणूनच सरीतच कानस मारून तयार होतो. ज्याला आपण पूर्वी ‘कच्चं लोखंड’ म्हणून नाक मुरडायचो, ते त्या कामाला विचारपूर्वक निवडलेलं आहे. लोहार पात्याला पाणी देताना धातूचा रंग बघून थांबतो, ते हाच हिशेब करून.

कार्बन पोलादाची मी आरती ओवाळत नाही. ऑगस्टच्या दमट हवेत पातं न पुसता ठेवलं तर सकाळी धारेवरच तांबूस गंज येतो, आणि न वापरताच धार जाते. निर्जंतुक करायला हायपोक्लोराइटमध्ये बुडवलं तर आणखी लवकर. तिथे क्रोमियमवालं पातं सरस आहे, यात वाद नाही. आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकलो: कोणतंही पातं जरा निमुळत्या कोनात घासलं तर ते जास्त वेळ कापतं. महाग पोलादावर जाड कोन ठेवून मिरवण्यापेक्षा मध्यम पोलाद पातळ घासलेलं बरं, फक्त ते खड्यावर आदळू द्यायचं नाही. आता नवीन बागाईतदार पोरं विचारतात तेव्हा मी सांगतो, चाकूवर कमी खर्च करा, चांगल्या दगडावर जास्त करा, आणि कलमाचा चाकू दुसऱ्या कशालाही लावू नका, सुतळीलासुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचते. कलमाच्या टोळीला आपण झाडामागे पैसे देतो. धार लावायला थांबलेला प्रत्येक क्षण त्यांच्या खिशातून जातो. बुजुर्ग माणसं तरीही थांबतात. तरुण हात थांबत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. न धरलेल्या कलमाचं नुकसान आपण बागवाले पुढे वर्षभर सोसतो, पण ते टाळणाऱ्या त्या थांबण्याचा मोबदला आपल्या हिशेबात कुठेच नसतो. म्हणून यंदा टोळीशी दर ठरवताना मी झाडामागचा भाव वाढवून दिला आहे. दगड, पट्टा आणि पुसायचं तेल माझं राहील. अट एकच: प्रत्येक ओळ संपली की सगळ्यांनी हात थांबवायचे, पाती घासायची, आणि शेवटची काडी उजेडाकडे धरून बघायची.