ड्रायझरची ओबडधोबड वाक्यं

थिओडोर ड्रायझरच्या भाषेवरून वाचकांची भांडणं शंभर वर्षांपासून चालू आहेत. गंमत म्हणजे त्याचे चाहतेसुद्धा म्हणतात, "लेखक मोठा, पण लिहितो भयंकर!"

त्याची 'सिस्टर कॅरी' (१९००) मी पहिल्यांदा उघडली तेव्हा साठेक पानांतच हात टेकले. प्रत्येक प्रकरणाला भरजरी जोडशीर्षक. कॅरी बिचारी शिकागोत नोकरी शोधत वणवण करतेय आणि लेखक मध्येच थांबून शहर आणि नीती यांवर प्रवचन देतोय. विशेषणं तर जुन्या नाण्यांसारखी गुळगुळीत. पुस्तक ठेवून दिलं.

पुढे कळलं की माझं काही चुकलं नव्हतं. ड्रायझरची बाजू सगळ्यात जोरात लढवणारा मेन्केन, त्यानंसुद्धा १९१७ मध्ये त्याच्या वाक्यरचनेची मनसोक्त सालटी काढली होती. लायोनेल ट्रिलिंगची तक्रार आणखी बोचरी: समीक्षक या ओबडधोबड भाषेलाच प्रामाणिकपणाचा पुरावा समजतात. खरं तर ड्रायझर कादंबरीकडे वळला तो शिकागो, सेंट लुईस वगैरे ठिकाणी बातमीदारी करून. कुठे, किती, केवढ्याला, ही सवय तिथली असावी.

असो. २००९ च्या मंदीत माझी नोकरी गेली. वेळच वेळ होता, म्हणून पुस्तक पुन्हा काढलं आणि या वेळी हर्स्टवुडपर्यंत पोचलो. (पुस्तक सव्वाशे वर्षांचं आहे, तेव्हा गोष्ट फोडल्याबद्दल माफीबिफी मिळणार नाही.) हा शिकागोतल्या एका झोकदार बारचा मॅनेजर. तिजोरीतले पैसे घेऊन कॅरीसकट पळतो. बहुतेक रक्कम परत करावी लागते आणि १,३०० डॉलर घेऊन न्यूयॉर्कला येतो. तिथला धंदाही बसतो. मग सुरू होते उतरण.

ड्रायझर ती एका झटक्यात दाखवत नाही. हातात किती उरले, भाडं किती, आज मटण कसलं आणलं, सगळं मोजून सांगतो. हर्स्टवुड काम शोधायला निघतो आणि हॉटेलच्या लॉबीत बसून परत येतो. मग तेही बंद. घरात झुलत्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रं वाचायची. चांगले कपडे जपून ठेवायचे. दाढी एक दिवसाआड, मग आणखी उशिरा. शेवटी पंधरा सेंटच्या खोलीत तो गॅस सोडून देतो.

माझ्याकडे तेव्हा एक्सेलची शीट होती. शिल्लक किती, हप्ता किती, किती महिने निघतील. रोज उघडायचो, जणू बघून आकडा वाढणार होता! एका दुपारी बायको सहज म्हणाली, "अरे, आज पण दाढी नाही केलीस?" मांडीवर 'सिस्टर कॅरी' उघडी होती. मी काही बोललो नाही. उठलो, दाढी केली आणि महिनाभर टाळलेले दोन फोन केले.

हे सगळं मी माझ्या एका वाचक मित्राला सांगितलं. तो भाषेच्या बाबतीत कडक. म्हणाला, "हे तुझ्या नोकरीमुळे. पुस्तक अर्ध्या शब्दांत झालं असतं." मी म्हटलं, बाबा रे, ते कापूनच छापलं होतं! १९८१ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आवृत्तीनं गाळलेले सुमारे ३६,००० शब्द परत घातले. त्यानं कपाळावर हात मारला.

मला त्याचं निम्मं पटतं. प्रवचनं मी अजूनही गाळतो. ती वाईटच आहेत आणि प्रामाणिकपणाच्या नावाखाली ती खपवू नयेत, हे ट्रिलिंगचं म्हणणं मान्य. पण हर्स्टवुडची पानं अर्धी करून चालणार नाहीत. एखाद्या देखण्या लेखकानं ती घसरण चार सुंदर ओळींत सांगितली असती. मी "वा!" म्हणून पान उलटलं असतं, आणि दाढी तशीच राहिली असती.

पुढे साडेपाच महिन्यांनी नोकरी लागली. ती शीट अजून आहे, उडवलेली नाही.