पाचर

मोटार ही रस्त्यावरून धावणारी वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या घरी 1978 साली ती न्हाणीघराशेजारी चार विटांवर उभी होती आणि आई तिच्या चासीवर पापड वाळत घालीत असे.

मोटार दादा करीत होता. कॉलेज अर्धवट सोडून तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहू लागला, त्या दिवसापासून अण्णा त्याच्याशी बोलत नव्हते. अण्णा गणिताचे मास्तर. ‘त्याला म्हणावं, जेवून घे,’ एवढे ते माझ्यामार्फत कळवीत. मी त्या घरातला टपालवाला होतो.

इंजिन मोडीतल्या फियाटचे, मागचा आसही तिचाच. प्रश्न होता इंजिन बसवायचे कुठे. शेजारचे एक गृहस्थ रोज येऊन सांगत, ‘मागं टाक. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांच्या मीरेचं इंजिन मागंच आहे की!’ पण दादाच्या डोक्यात मासिकात पाहिलेली लोटस सेव्हन बसली होती. 1957 सालची ही इंग्रजी गाडी. सुटे भाग घेऊन घरीच जोडली की तिकडे त्या काळी खरेदीकर वाचे. तिचे इंजिन पुढे, पण बरेच मागे सरकवलेले, म्हणजे भार दोन्ही आसांवर वाटला जातो. दादाने आपले इंजिन इतके मागे ओढले की चालवणाऱ्याच्या पायांना जागाच उरली नाही. मग चार बोटे पुढे.

त्याहून अवघड प्रकरण उताराचे. गिअरबॉक्सचे शेपूट वर, मागचा आस खाली. मधला शाफ्ट तिरपाच जाणार. दादाने आधी इंजिनालाच मागे भरपूर उतार दिला. कार्बुरेटर कलला, आतल्या फ्लोटला पातळी कळेना आणि पेट्रोल वाहू लागले. आईने पापड उचलले. मग चिडून त्याने पाणपातळी लावून इंजिन अगदी सपाट बसवले.

गाडी माळावर धावली. ताशी तीस किलोमीटरपर्यंत गुणी, पुढे सगळे अंग थरथरे. दादाने शाफ्ट पुन्हा लेथवर तपासला, रबरे बदलली, क्रॉस बदलले. दोन महिने गेले. एका रात्री तो आईला म्हणाला, ‘भंगारात देतो. उद्याच.’ अण्णा आतल्या खोलीत वह्या तपासत होते.

पहाटे उठून पाहतो तो अण्णा धोतर खोचून गाडीखाली! हातात ओळंबा आणि शाळेतला लाकडी कोनमापक. फरशीवर खडूने आकडे: पुढच्या सांध्याला चार अंश, मागच्याला एक.

क्रॉसच्या सांध्याची खोड अशी की, तो वाकला असला म्हणजे पुढली बाजू एकसारखी फिरत असली तरी मागली प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करते आणि दोनदा रेंगाळते. दुसरा सांधा तेवढ्याच कोनात असेल तरच ते सारे फिटते. त्यासाठी इंजिनाची रेषा आणि डिफरन्शियलच्या नाकाची रेषा समांतर हव्यात. नाक तीन अंश वर पाहत होते, इंजिन सपाट होते.

‘त्याला सांग,’ अण्णा खालूनच म्हणाले, ‘इंजिनाला तीन अंश.’

दादा माझ्या मागेच उभा होता. ‘अण्णा, पुढनं उचलू की मागनं खाली घेऊ?’

बराच वेळ नुसता ओळंबा हलत होता.

‘पुढनं. पाचर घाल. आणि कोन अगदी शून्य करू नकोस. क्रॉसमधल्या सुयांना थोडं हलू दे.’

लोखंडी पाचर उद्यमनगरातून यायला चार दिवस होते. तेवढा धीर दोघांनाही नव्हता. दादाने बसायच्या पाटाची खालची सागवानी पट्टी काढली, अण्णांनी खडूने रेघ मारली आणि दोघांनी मिळून ती तासली. त्या संध्याकाळी गाडी साठच्या पुढे गेली. अण्णा शेजारी बसले होते, टोपी हाताने धरून.

त्या दिवाळीला अभ्यंगासाठी अण्णा नेमके त्याच पाटावर बसले. पाट कलला. आई उटणे घेऊन थांबली. अण्णा काही बोलले नाहीत. दादाने वाकून खाली विटेचा तुकडा सरकवला.