मूळ पाठ नसलेले पाठभेद

शिरूरचे जुने रहिवासी आपल्या गावाला आजही घोडनदी म्हणतात. दौंड हे इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत ‘धोंड’ होते. शिवाय बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ. तेव्हा नुसते ‘शिरूर’ लिहून नोंद पुरी होत नाही. कोणते शिरूर, हे सांगावे लागते. आम्ही दोघे, एक शिरूरला आणि एक दौंडला राहणारे, सध्या मराठीत जे टिपण तयार करीत आहोत, त्यातली अडचण नेमकी हीच आहे.

टिपण लिनक्स या संगणक-प्रणालीतील ‘पीट्रेस’ नावाच्या सोयीविषयी आहे. चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबवून दुसऱ्या प्रोग्रामने त्याची स्मृती आणि रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेले चिमुकले कप्पे, वाचायची किंवा बदलायची, हे तिचे काम. प्रोग्राममधले दोष शोधणारे डीबगर लिनक्सवर तिच्याच आधाराने चालतात. सोयीचे नाव एकच. परंतु खालचा प्रोसेसर बदलला की तिचे वागणे बदलते.

शिरूरच्या संगणकात इंटेलचा प्रोसेसर आहे, दौंडला एआरएमचा एक लहानसा बोर्ड. इंटेलवर सर्व रजिस्टरे एकदम मागण्यासाठी ‘गेटरेग्ज’ ही विनंती आहे. ६४ बिटी एआरएमवर ती नाहीच. तेथे ‘गेटरेगसेट’ वापरावी लागते, आणि ही विनंती लिनक्समध्ये २०१० साली आली. दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. प्रोग्राम एखाद्या जागी थांबावा म्हणून डीबगर तेथे एक खुणेची आज्ञा पेरतो. इंटेलवर प्रोग्राम थांबतो तेव्हा त्याचा निर्देशक खुणेच्या एक बाइट पुढे गेलेला असतो. त्याला मागे आणावे लागते. एआरएमवर तो खुणेवरच उभा असतो. तेथेही त्याला मागे ओढले, तर तो दोन आज्ञांच्या अधेमध्ये, भलत्याच ठिकाणी पडेल.

पीट्रेसच्या इंग्रजी माहितीपानात ‘गेटरेग्ज’विषयी एवढेच म्हटले आहे, की ती सर्व प्रोसेसरांवर उपलब्ध नाही. कोणत्या प्रोसेसरांवर नाही, याचा उल्लेख नाही. वाचकाला सावध केले जाते, पण वाट दाखवली जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे पुण्याच्याच एका थोर कार्याची आठवण होईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९२५ पासून त्या कामाची धुरा वि. स. सुखटणकर यांच्याकडे होती. त्या आवृत्तीच्या तळटिपांत ‘अन्यत्र निराळा पाठ आढळतो’ असे मोघम विधान चालत नाही. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांना संकेताक्षरे दिलेली आहेत, आणि प्रत्येक पाठभेद आपल्या साक्षीदाराच्या नावानिशी उभा राहतो. आम्ही ही शिस्त उचलली.

मात्र एका ठिकाणी ही तुलना थांबते. चिकित्सक आवृत्तीचा संपादक उपलब्ध पोथ्यांच्या मागे असलेल्या, शक्य तितक्या प्राचीन पाठाचा शोध घेत असतो. आमच्या पाठभेदांमागे तसा मूळ पाठ नाही. इंटेलचे वागणे मूळ आणि एआरएमचे भ्रष्ट, असे म्हणायला काही आधार नाही. दोन्ही आपापल्या जागी प्रमाण आहेत. तरीही लिहिताना इंटेल आपोआप मुख्य मजकुरात जातो आणि बाकीचे तळटिपेत. वास्तविक शिरूरच्या नि दौंडच्या बाजारात ज्याच्या-त्याच्या हातात असलेल्या मोबाइलमध्ये बहुधा एआरएमच असतो. बहुसंख्यांना अपवाद ठरवण्याची ही रीत मराठीच्या अभ्यासकांना अपरिचित नसावी. बोलीकोशात ‘प्रमाण’ रूप आधी येते, आणि ज्यांची ती बोली, त्यांनाच आपला शब्द कंसात शोधावा लागतो.

स्पार्क नावाच्या प्रोसेसरवर तर ‘गेटरेग्ज’ला द्यावयाच्या दोन मूल्यांच्या जागाच उलट्या आहेत. दौंडकरांना हे चटकन उमगेल. जोडमार्ग होण्यापूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. डबे तेच, उतारू तेच. फक्त पुढची बाजू मागची होई. ती गाडी उलटी धावते, असे कोणी म्हणत नसे.

म्हणून आमच्या तक्त्यात ‘सर्वसाधारण’ असा रकाना ठेवलेला नाही. प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी आहेत: कोणता प्रोसेसर, लिनक्सची कोणती आवृत्ती, आणि ती गोष्ट आम्ही स्वतः पडताळली आहे की केवळ वाचली आहे. स्पार्कची नोंद ‘वाचलेली’ आहे. तक्ता त्यामुळे लांबतो, वाचायला रुक्षही होतो. पण उद्या इथल्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी आपल्या मोबाइलवर हा प्रयोग करू पाहील, तेव्हा तिला आपले यंत्र अपवादांच्या यादीत शोधावे लागणार नाही.